नवं कार्ड आणि आप्पांची बॅटिंग

आई गेल्यावर मी आप्पांना गावाहून एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या फ्लॅटवर घेऊन आलो. मी बिनलग्नाचा, नोकरी फोर्टात. जन्मभर एसटी चालवलेला माणूस दिवसभर चौथ्या मजल्याच्या गॅलरीत बसून खालच्या रिक्षावाल्यांना नावं ठेवायचा. संध्याकाळी मी यायचो तो चोथा होऊन. जेवताना ते विचारायचे, "आज उशीर?" मी म्हणायचो, "हो." संपलं बोलणं.

मग कॉम्प्युटरवरचं क्रिकेट आलं. एकाच कीबोर्डवर दोघांनी खेळायचं, डावीकडून माझी बॉलिंग आणि उजवीकडून आप्पांची बॅटिंग. दोन बोटं बटणांवर ठेवून ते म्हणायचे, "टाक." जेवणानंतरचा तेवढा वेळ आम्ही बापलेक असायचो. एरवी एका घरातले दोन भाडेकरू.

पण कॉम्प्युटर जुना. चित्र अडखळायचं, खेळाडू पुसट दिसायचे, आप्पा डोळे बारीक करून नाक पडद्याला टेकवायचे. ते बघून मला वाईट वाटायचं. म्हणून ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरवलं.

ठरवणं सोपं होतं. स्टेशनजवळच्या दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, "मदरबोर्डला खाच जुनी आहे की नवी?" मला काय माहीत! घरी येऊन माळ्यावरून पुस्तिका काढली, खाच जुनी निघाली. पुन्हा गेलो तर म्हणे, "पॉवर सप्लायला झेपेल ना?" दिवसभर ऑफिसात साहेबाचे प्रश्न, संध्याकाळी ह्याचे. मी म्हटलं, "बाबा रे, जे बसेल आणि चालेल ते दे."

"हे घ्या साहेब, मक्खन चालेल. बॉलची शिवण दिसेल."

खोक्यावर तलवार उगारलेला हिरवा राक्षस होता. क्रिकेटशी त्याचं काय नातं, देव जाणे.

रविवारी दुपारी नेहमीप्रमाणे वीज गेली. "आत्ताच उघड," आप्पा म्हणाले, "शॉक तरी बसणार नाही." त्यांनी बॅटरी धरली. मी कॅबिनेट उघडलं, कार्डाचं तोंड बाहेर यावं म्हणून मागची पत्र्याची पट्टी वाकवून तोडली आणि कार्ड खाचेत दाबलं. एक स्क्रू आत पडला, तो आप्पांनी चिमट्याने काढला. वीज आल्यावर पडद्यावर हिरवंगार मैदान उमटलं.

"गवत दिसतंय रे," आप्पा म्हणाले. मला कृतकृत्य वाटलं.

"टाक."

मी टाकला आणि त्रिफळा उडाला. पुन्हा टाकला, पुन्हा उडाला. आप्पांचं बोट दबायचं तेव्हा बॅट्समन तंबूकडे निघालेला असायचा. गेम सोपा करायची सोय होती, ती अगदी तळाला नेऊन पाहिली, तरी चेंडू गोळीसारखाच येई. आप्पा उठले. "हात गेले माझे," एवढं म्हणून गॅलरीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, आज नको, कंटाळा आलाय. त्यानंतरही नकोच. खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं, पाठ टेकायला मिळायची. पण जेवताना पुन्हा ते "आज उशीर?" आणि "हो" सुरू झालं, आणि घर खायला उठलं.

एकदा एकटाच खेळत बसलो तेव्हा उलगडा झाला. जुन्या चित्राला दम लागायचा, म्हणून चेंडूही रखडत यायचा. आप्पा त्या रखडण्याच्या हिशेबाने बॅट फिरवायचे. त्यांचे हात शाबूत होते. मी हौसेने आणलेल्या कार्डानेच त्यांची विकेट काढली होती.

आप्पा खाली दूध आणायला गेले तेव्हा कार्ड उपटलं, खोक्यात घालून कपाटात शर्टांच्या मागे लपवलं, आणि पडद्याची वायर जुन्या जागी लावली. रात्री म्हटलं, "आप्पा, एकच ओव्हर. मीही दमलोय, हळू टाकेन." बळेबळेच बसले. पुसट चेंडू अडखळत आला आणि आप्पांनी चौकार हाणला. मग दुसरा. मी पडद्याकडेच बघत राहिलो, चित्र बिघडल्याचं ते विचारतील म्हणून. ते एवढंच म्हणाले, "टाक."

दुसऱ्या संध्याकाळी घरी आलो तर कॉम्प्युटर थोडा तिरका ठेवलेला. मागे वाकून पाहिलं. पट्टी तोडल्यामुळे राहिलेली फट पुठ्ठ्याने नीट बुजवली होती, कडा चिकटपट्टीने बसवल्या होत्या. पुठ्ठ्यावर हिरव्या राक्षसाचा अर्धा चेहरा होता.

आप्पा दारात उभे होते. "पाल शिरली असती," ते म्हणाले.

मी कसंबसं "हो" म्हटलं.

"दमला असशील. आधी जेव," आप्पा म्हणाले. "मग टाक."