उलट्या तोंडाची खुर्ची

कापूस मातीमोल विकला जात होता त्या वर्षी पांढरकवड्यात गाड्यांची सीटकव्हरं शिवणारे एक चाचा मला भेटले. नाव विचारलंच नाही. नणंदेने पुण्याहून पाठवलेली बाळाची खुर्ची त्यांनी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर उलट्या तोंडाने बांधली.

“हिले मी दिसणार नाही ना, चाचा,” मी म्हणाले.

माझ्या पाच महिन्यांच्या मुलीच्या मानेमागे त्यांनी हळूच तळहात धरला. “मान कच्ची हाये, बेटा. अशी बसली त धक्का पाठीवर जाते.”

मग मुलीला त्यांच्या बायकोने कडेवर घेतलं. खुर्चीत सरकीची थैली बांधून चाचा मागेच तिच्या शेजारी बसले. “चालव अन् जोरात ब्रेक मार.”

मी मारला. चाचांचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं. खुर्ची तसूभरही हलली नाही.

कपाळ चोळत ते हसले. “आता बसव पोरीले.”