निर्विषीसाठी आणलेला बर्फ

दुपारी दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावून मी जरा आडवा झालतो, तेवढ्यात स्टँडावरचा हमाल धापा टाकत आला. "अत्तारभाई, चला लवकर... तुमचे मास्तर पडले." चप्पल न घालताच धावलो. मे महिन्यातल्या पुसदच्या रस्त्यावर अनवाणी! पण पायाचं कोणाले पडलं होतं.

मास्तर म्हणजे रामधन मास्तर. आपला विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या साली तो आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायले आला. तांड्यावरचा बंजारा गडी, मॅट्रिकच्या पुढं शिकलेला त्यांच्यातला पहिला. माझं दुकान जडीबुटीचं, त्याले झाडापाल्याचा नाद. शाळा सुटली की येऊन बसे, बरण्यांतल्या मुळ्या काढून हुंगे अन् माझ्याशी भांडे. मी त्याले 'पंडित' म्हणून चिडवी, तो मले 'हकीमसाहेब'. अशी आमची दोस्ती. मले पुस्तकी मराठी येत नाही, आमच्या बोलीतच लिहून राह्यलो, सांभाळून घ्या.

मग त्याच्या एकुलत्या पोरीले, सोनीले, मिरगीचे झटके यायले लागले. डॉक्टरच्या गोळ्यांनी झटके थांबले, पण पोरगी दिवसभर गुंगीत. पुस्तक उघडलं की मान खाली. शाळा सुटली तिची. मास्तर पिसाळल्यासारखा झाला. "अशी झोपेतच जिंदगी काढन का रे ती?" असं विचारे अन् माझ्याकडं पाहत बसे.

हकिमांच्या किताबांत मिरगीवर जदवार सांगितला आहे. वैद्य त्यालेच निर्विषी म्हणतात. एक दिवस त्यानं माझी जदवारची बरणीच उचलली. मी ती हिसकून घेतली. खरं सांगतो, हा माल कुठून कुठून हात बदलत नागपूरले येते, तिथून माझ्याकडं. त्यात जदवार किती अन् बचनाग किती, हे पाठवणाऱ्यालेही ठाऊक नसते. दोन्ही मुळ्या काळ्या, सुरकुतलेल्या. एक म्हणे विष उतरवते, दुसरी माणूस मारते.

"पोरीच्या तोंडात हे घालशील तं थोबाड फोडीन तुह्यं," मी म्हटलं.

"मग मीच लावतो. माह्या हातानं लावलेल्या मुळीत बचनाग कसा येईन?"

"अरे पण ते पहाडातलं झाड..."

"माहीत आहे. काश्मीरपासून कुमाऊंपर्यंत होते, गवताच्या उतारांवर, निळं फूल. आधी मूळ तयार होऊ दे. मग कॉलेजात तपासून घेईन, अन् मगच पोरीले देईन. मी मास्तर आहे, भगत नाही."

दिवाळीच्या सुटीत गडी खरंच शिमल्याकडं गेला. फुलं केव्हाच झडलेली. गवत कापणाऱ्या एका बाईनं वाळकी झाडं दाखवली, त्यातून चिमूटभर बी झटकून आणलं. थंडीत कुंड्यांत पेरलं. एकच उगवलं. कातरलेल्या पानांचं, बोटाएवढं. त्या दिवशी मास्तरनं मोहल्ल्यात पेढे वाटले, जसं काही घरात बाळंतपण झालं!

पण उन्हाळा लागला अन् रोप मान टाकायले लागलं. मग याचं बर्फाचं खूळ सुरू झालं. अकोल्याच्या यस्टीनं भुसा घातलेल्या पोत्यात बर्फ यायचा. तो ऐन दुपारी स्टँडावर जाई, पोतं छातीशी धरून पळत घरी येई अन् कुंडीभोवती बर्फाचे खडे मांडे. लोक हसत. "मास्तर, झाडाले शरबत पाजता का?" तोही हसे. मी शिव्या दिल्या, "डोक्याले दुपट्टा तं बांध, बेकूफ!" ऐकन तो मास्तर कसला.

त्या दुपारी मी पोचलो तेव्हा तो स्टँडाजवळच्या निंबाखाली पडलेला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. पोतं पोटाशी. मी दोरी सोडायले लागलो, म्हटलं बर्फ टाळूवर ठेवू. त्यानं माझं मनगट धरलं. "नको... खराब नको करू. झाडाले लागते." मी ऐकलं नाही, हात झटकून सगळा बर्फ त्याच्या डोक्यावर, छातीवर ओतला. पण टाइम निघून गेलता. दवाखान्यात न्यायच्या आधीच माझा यार गेला.

सुतकात कुंडीकडं कोणी पाह्यलं नाही. रोप वाळलं. मले त्याचं काही नाही... आग लागो त्या निर्विषीले! पण सोनीनं एक दिवस मले विचारलं, "चाचा, बर्फ तं बाच्या हातातच होता. मग तो लवकर डोक्यावर काहून नाही ठेवला?" खोटं बोलायचं सुचलंच नाही. म्हटलं, "तोच नको म्हणे, बेटा. तुह्या झाडासाठी."

तिनं ऐकलं. रडली नाही. त्या दिवसापासून गोळी घेत नाही.

झटके परत सुरू झाले. परवा चुलीपाशी पडली, हात भाजला. तिची याडी, म्हणजे आई, पोरीच्या पाया पडते. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तं एखादा झटका थांबणारच नाही. मी रोज सकाळी गोळी अन् पाण्याचा लोटा घेऊन तिच्यासमोर बसतो. दटावतो, रडतो, हात जोडतो.

आज तिनं माझं मनगट धरून हात मागं सारला. "नको, चाचा. आता माह्यासाठी कोणी काही आणू नका."

गोळी माझ्या हातातच आहे. मास्तर, लेका, तूच सांग, काय करू?