बुडालेल्या बोटीतला शुक्रवार

नातवाच्या नव्या पोहण्याच्या चष्म्याला रबराचा वास आला आणि कुवेतमधला जानेवारीतला एक शुक्रवार आठवला. बायको आणि मुलगी नाशिकला कायमच्या परतून आठवडाच झाला होता.

रिफायनरीतला सहकारी देसाई आणि मी पाठीवर हवेची टाकी बांधून किनाऱ्यावरूनच गार समुद्रात उतरलो. युद्धात बुडालेल्या बोटीत खलाशांच्या बाकावर मी बसलो. कानात फक्त माझाच श्वास होता. हवेचा काटा खाली आला, तरी उठावंसं वाटेना. शेवटी देसाईने दंडाला धरून मला वर आणलं.

"तुका वर येवचा नव्हता काय?"

"घरी कोणी नाही," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी तो गादी घेऊन माझ्याकडे राहायला आला. जलीब वस्तीतल्या त्याच्या खोलीत फार गर्दी होते, म्हणाला. कितीतरी वर्षं मी ते खरं मानलं.