जोडीदार ताजा आहे

मावशींच्या आवाजात जादू होती, हे त्यांचे शत्रूही मान्य करत. मालवाहू विमानांच्या त्या छोट्या कंपनीत वैमानिक बोटांवर मोजण्याइतके आणि खोकी मात्र छताला टेकलेली. सुट्टीवरच्या माणसाला अंथरुणातून उठवून कामावर आणायचं तर साहेबांचा आरडाओरडा काही कामाचा नव्हता. तिथे मावशीच लागत. गोदामाला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत दोन फोन पुढ्यात घेऊन त्या बसत. त्यांचा नंबर दिसला की वैमानिक कपाळाला हात लावत, पण फोन उचलत.

कोणी कुरकुर केली की मावशी मधाचं बोट लावत. आधी पोराबाळांची चौकशी, मग आईच्या गुडघ्यांची, आणि मग हळूच ते हुकमी वाक्य, "अरे, तुझा जोडीदार ताजा आहे. भरपूर झोपून आलाय. तू नुसता शेजारी बस." विमानात माणसं दोनच. एक ताजा आहे म्हटलं की दुसऱ्याला धीर येतो, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. आजवर सगळी विमानं सुखरूप उतरली होती, त्यामुळे मनाला काही टोचतही नसे. उलट बाई स्वतःवर खूश होत्या.

पुढे बरेच वैमानिक मोठ्या कंपन्यांत निघून गेले आणि उरलेल्यांच्या डोळ्यांखाली काळं दिसू लागलं. नेमकं तेव्हाच मावशींनी आपल्या वैमानिक जावयाला इथे चिकटवलं. लेक जवळ राहील, हा हिशेब. जावई गरीब स्वभावाचा. साहेबांना त्याने एखादवेळी नकार दिलाही असता, सासूबाईंना कुठल्या तोंडाने देणार?

त्या दुपारी औषधांची खोकी विमानात चढली आणि ठरलेले दोघंही वैमानिक ऐनवेळी गळाले. एक तापाने फणफणला, दुसऱ्याने सरळ राजीनामा पाठवला. साहेब मावशींच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

मावशींनी आधी एका सहवैमानिक पोराला फोनवर गाठलं. तो काकुळतीला आला, पण हुकमी वाक्याने काम केलं. मग त्यांनी लेकीच्या घरी फोन लावला.

"आई, ते रात्रीच्या फेरीवरून सकाळीच आलेत गं," लेक दबक्या आवाजात म्हणाली. "दाढी करताना आरशाला डोकं टेकून झोपले. गाल कापून घेतलाय. आजच्या दिवस सोड ना त्यांना."

मावशी 'राहू दे' म्हणणार होत्या. पण मागे साहेब उभे होते, आणि जीभ सवयीने पुढे धावली. "अगं, जोडीदार ताजा आहे. ते नुसते शेजारी बसतील."

"नक्की ना? तू म्हणतेस म्हणून उठवते हं."

पोरगा आधी आला. खिडकीत डोकं घालून म्हणाला, "मावशी, तुमचे जावई झोप काढून आलेत ना? मग विमान एकदा मार्गाला लागलं की मी जरा डोळे मिटतो. नाहीतर माझं काही खरं नाही."

मागोमाग जावई आला. गालावर कापसाचा बोळा, शर्टाचं बटण भलत्याच काजात. "आई, पोरगा ताजा आहे म्हणालात, बरं झालं," तो हसून म्हणाला. "आज सगळी भिस्त त्याच्यावर."

दोघं उन्हातून विमानाकडे चालू लागले. मावशी खुर्चीला खिळल्यासारख्या बघत राहिल्या. मग धडपडत उठल्या आणि साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, त्यांना थांबवा. दोघंही झोपेला आलेत."

"मघाशी तर तुम्हीच फोनवर म्हणालात, जोडीदार ताजा आहे." साहेबांनी वायरलेस हातात घेतला, पण बटण दाबलं नाही. "वरच्यांना काय सांगू? आमच्या बाईंनी दोघांनाही थाप मारली म्हणून?"

हो म्हणायचं होतं, बस. इतक्या माणसांना ज्यांनी गोड बोलून घराबाहेर काढलं होतं, त्या मावशींना तेवढा एक शब्द फुटेना. नोकरी डोळ्यांपुढे आली, लेकीचा चेहरा आला, या खिडकीतून पाठवलेली सगळी तारवटलेली तोंडं आली. बाहेर विमानाचे पंखे फिरू लागले. खोलीचे पत्रे थरथरले. साहेबांनी वायरलेस खाली ठेवला.

विमान गोदामाच्या छपरावरून गेलं आणि लहान होत होत दिसेनासं झालं. आकाश अगदी स्वच्छ होतं.

मावशींचा फोन वाजला. लेक होती.

"आई, निघाले का गं ते? जीव नुसता खालीवर होतोय. त्यांचा जोडीदार खरंच ताजा आहे ना?"

 मावशींचा तो गोड आवाज आपोआप आला.

"हो गं बाळा. भरपूर झोपून आलाय."