कॉइलमधली फट

दौंडच्या वाइंडिंगवाल्या वहिनींचे उपकार आधी सांगतो, मग गुन्ह्याचं. नाव इथे कोणाचंच घेणार नाही. पण शेतीपंपाच्या जळक्या मोटारी भरून देणाऱ्या या बाईंनी त्या दुपारी आपलं टेबल मोकळं करून दिलं नसतं, तर एक निर्दोष माणूस चोर म्हणून गावातून गेला असता. नोकरीत पुष्कळ तपास केले. हा एक मात्र विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

मी मूळचा वाशीमकडचा. दहावीनंतर शाळा सुटली. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काही वर्षं काढली आणि पोलिसात भरती होऊन इतक्या लांब आलो. तेव्हा शिरूर तालुक्यात हवालदार होतो. मांडवगण फराटा भागातल्या एका विधवा बाईंचे दागिने गेले. कडीकोयंडा शाबूत, कपाट किल्लीनं उघडलेलं. म्हणजे माहितगाराचं काम. भावकीनं बोट दाखवलं ते घरच्या सालगड्याकडे. का, तर तो बाहेरचा.

बोलावलं नसलं तरी तो रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायचा.

"कामावर कोणी घेत नाही जी," तो म्हणाला. "इथं तरी बसू द्या. घरी मात्र कळवू नका."

त्याचं ते 'जी' ऐकलं आणि ओळखलं, हा आमच्याकडचा. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. तपासात आपला-परका नसतो.

मग तळेगाव ढमढेरेच्या बाजारातून खबर आली. बाईंच्या पुतण्यानं एका सोनाराला विचारलं होतं, बिनपावतीचं सोनं घेता का? पुतण्याला अटक केली, कोठडी मिळाली. पण तो बोलेना. आम्ही सगळ्यांनी मिळून विचारावं आणि त्यानं आणखी तोंड मिटून बसावं, असं चाललं होतं. कोठडी संपायच्या आदल्या सकाळी मी एकटाच चहा घेऊन त्याच्यापाशी बसलो.

"काकूनं फिर्यादीत तुझं नाव घेतलेलं नाही," मी म्हणालो.

त्यानं कप खाली ठेवला. "तिला कोण सांगणार?"

"तू सांग. आम्ही मध्ये पडणार नाही."

"स्टीलच्या डब्यात हाय," तो म्हणाला. "उसात पुरलाय."

पंचांसमक्ष निवेदन घेतलं आणि सगळे शेतावर गेलो. बघतो तर ऊस तुटून गेलेला, पाचट पेटवलेलं, वर रोटाव्हेटर फिरलेला. पठ्ठ्यानं पाटापासून सऱ्या मोजून खूण ठेवली होती. आता सरीच राहिली नव्हती. त्यानं दाखवलं तिथं खणलं, शेजारी खणलं. ढेकळं निघाली.

बांधावर पुतण्याचा बाप उभा होता. "पोराकडनं मारून वदवलंय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माल त्या सालगड्यानंच नेलाय."

डबा मिळाला नाही तर गाव हेच खरं धरणार होतं. पुण्याचं पथक दुसरीकडे अडकलेलं. आमच्या ठाण्यात बंदोबस्ताचं एक जुनं मेटल डिटेक्टर होतं, ते आणवलं. पण खालची गोल तबकडी ढेकळाला जरा टेकली की ते ओरडायचं.

एक पंच म्हणाला, "हवालदार, ह्याच्यापरीस आमचा बोकड बरा. भूक लागल्यावरच वरडतो."

मी केबल हलवून पाहिली. तबकडीत शिरते तिथं हात लावला की आवाज. आतली कॉइल कुठंतरी सुटली होती. साहेबांना म्हणालो, उघडून बघू का?

"सरकारी माल आहे," साहेब म्हणाले. "बिघडलं तर खुलासा दोघांनी द्यायचा. जा."

दौंडला वहिनींच्या दुकानी गेलो. त्यांनी अर्धी भरलेली मोटार खाली उतरवली. "बसा भाऊ. आधी पानी घ्या."

तबकडीचा जोड हॅक्सॉच्या पात्यानं कापला. आत तांब्याच्या तारेचे वेढे, त्यांवर चंदेरी फॉइल गुंडाळलेला. केबलच्या जोडावर हिरवा गंज चढून तार तुटली होती. गंजका तुकडा तोडला, तारेवरचं इनॅमल खरवडलं, सोल्डरचा डाग दिला. रेडिओच्या दुकानातला हात विसरला नव्हता. फॉइलमध्ये एका जागी बोटभर फट होती. आधीच्या माणसाला फॉइल कमी पडला असेल, असं समजून मी नवा तुकडा लावून ती नीट मिटवली.

मशिन लावलं तर मुकं. हातोडीवर धरलं तरी शब्द नाही.

वहिनींनी वाकून पाहिलं. "उघाडलं तवा ही अशीच बंद व्हती?"

"नाही. फट होती."

"मग ठेवा की. वेढा पुरा झाला की त्योच करंट खातो. मोटारीत शॉर्ट वेढा खातो, तसा."

तुकडा काढला. हातोडी धरली. मशिन खणखणीत बोललं. वहिनी हसल्या. "हं. आता चोरालाबी असंच बोलतं करा."

लवकर वाळणाऱ्या एपॉक्सीनं तबकडी बंद केली आणि शेत गाठलं. आता ढेकळाला टेकलं तरी मशिन गप्प. पुतण्यानं दाखवलेल्या जागेपासून पाटाकडे सरकत गेलो आणि एका ठिकाणी ते ओरडलं. तबकडी उचलून पुन्हा फिरवली, पुन्हा तिथंच. रोटाव्हेटरच्या पात्याला चुकवून खाली डबा शाबूत होता. पंचांसमक्ष उघडला, बाईंनी एकेक दागिना ओळखला. पुतण्याचा बाप बांधावरून कधी गेला, कळलं नाही. बोकडवाला पंच सालगड्याला म्हणाला, "चल, माझ्याकडं पानी धरायला ये उद्यापासनं."

त्या दिवशी वर्दीत ताठ चाललो, हे लपवत नाही. पुढे चौकशीला बसलो की ती कॉइल आठवायची. माणसाला सगळीकडून मिटवलं की तो मुका होतो. बोलायला बोटभर जागा ठेवावी लागते.

वहिनींनी काही घेतलं नाही. फळीवर त्यांच्या वडिलांचा बंद पडलेला रेडिओ होता. तो मी दुरुस्त करून देईन, असं तेव्हा म्हणालो होतो. मग बदली झाली, मग निवृत्ती, आणि मी परत वाशीमला आलो. परवा फोन केला.

"हाय की फळीवरच," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाई."

वहिनी, डाग द्यायची सळई घासून ठेवली आहे. मी येतो. जसा उघडेन तसाच लावेन, आणि तो बोलल्याशिवाय दौंड सोडणार नाही.