वासाचं निमित्त

खाणीत त्याचं खरं नाव कुणाला आठवत नसे. सगळे त्याला थांबाजी म्हणत. पाळी सुरू व्हायच्या आधी एकट्याने खाली उतरायचं, जिथे जिथे कोळसा फोडायचा तिथपर्यंत चालत जायचं, हातातलं यंत्र छताजवळ धरून हवेत मिथेन किती आहे ते बघायचं आणि जास्त असला तर काम थांबवायचं, ही त्याची नोकरी. मिथेन हलका, तो वर जाऊन छताशी साचतो. त्याला ना रंग ना वास. त्यामुळे हा "थांबा" म्हणाला की बाकीच्यांना गॅस काही दिसत नसे, दिसायचा तो हाच. मग राग कुणावर निघणार? डबा घेऊन तो शेजारी बसला की चाललेल्या गप्पा आटोपत आणि कुणाला तरी बुटाची नाडी बांधायची आठवण होई.

आपण ते कधी मनाला लावून घेतलं नाही, असं तो सांगायचा. साफ खोटं. चांगलं लागायचं मनाला, पण घरी बायको होती, तिच्यापाशी बोलून टाकलं की मोकळं वाटायचं.

कोळशाच्या धुळीने हळूहळू त्याचं नाक नेलं. खोकला राहिला आणि वास गेला. निवृत्त होईपर्यंत डोळे मिटून कांदा आणि साबण नाकाशी धरला तरी त्याला फरक सांगता येत नव्हता. आयुष्यभर नाकासमोर चालला आणि शेवटी नाकानेच दगा दिला, असं म्हणून बायको हसायची आणि त्याच्या वाटचे वास स्वतः घ्यायची. दूध लागलंय, तो शर्ट धुवायला टाका, गटार तुंबलंय, हे सगळं त्याला तिच्याकडून कळे. मग ती गेली. मुलगा लांबच्या शहरात होता. त्याचा फोन यायचा, जेवलात का, औषध घेतलंत का, एवढं विचारून संपायचा.

एका सकाळी दूध उतू गेलं आणि शेगडी विझली. थांबाजी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेला. भिंतीपलीकडे शिवणकाम करणाऱ्या ताई राहत, त्या दार वाजवत आल्या, तडक आत जाऊन शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि विचारलं, वास नाही आला तुम्हाला? नाही आला, हे कबूल करावं लागलं. गॅस शोधण्यावर ज्याचा संसार चालला तो माणूस स्वतःच्याच घरात गॅसमध्ये बसून क्रीडापान वाचत होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तो दारातून हाक मारायचा, ताई, जरा बघता का. ताई हातातलं काम ठेवून यायच्या. पहिल्या दिवशी त्यांच्यासोबत आत गेला तर याची मान आपोआप छताकडे वळली. ताई हसल्या. म्हणाल्या, हा सिलिंडरचा गॅस, भाऊ, हा जड असतो, जमिनीलगत बसतो. ते त्यालाही ठाऊक होतं, पण मानेला कोण सांगणार? मग ताई गुडघ्यावर हात ठेवून कण्हत खाली वाकायच्या, ओट्याखाली नाक न्यायच्या आणि काही नाही म्हणून उठायच्या.

उठल्यावर दोन शब्द व्हायचे. ताईंचं एकच गाऱ्हाणं असे, की पांढरं कापड बाहेर वाळत घालायची सोय नाही, कोळशाची धूळ बसते आणि गिऱ्हाईक त्यांच्यावर डाफरतं. थांबाजी म्हणायचा, धूळ निदान दिसते तरी. खाणीचा मोठा पंखा खालची हवा ओढून वर फेकतो, तिच्यासोबत मिथेनही येतो, तो कुणाला दिसतोय? खालची माणसं वाचावीत म्हणून आम्ही त्याला वर हाकलायचो. वर गेला की आमच्या लेखी विषय संपला. आता म्हणतात, त्यानेच हवा तापते, आणि साहेबलोक पंख्याच्या तोंडाशी यंत्रं लावून मोजत बसलेत. ताई मान डोलवायच्या. त्यांचं लक्ष बहुधा अर्धवट राहिलेल्या शिवणीकडे असायचं.

पण त्याचा दिवस म्हणजे तेवढीच काही मिनिटं. तो सकाळची दाढी संध्याकाळी करू लागला. ताईंच्या येण्यात खंड पडू नये, एवढंच त्याचं आता देवाकडे मागणं होतं. एकदा तर शेगडीची कळ जराशी फिरवून ठेवावी, म्हणजे त्या जास्त वेळ थांबतील, असाही विचार मनात आला. जन्मभराची नोकरी आडवी आली आणि त्याने हात मागे घेतला. नंतर बराच वेळ त्याला स्वतःची भीती वाटत राहिली.

मग मुलगा आला. दुधाचा प्रकार ताईंनीच त्याच्या कानावर घातला. मुलाने त्याच दिवशी विजेची शेगडी आणली, सिलिंडर परत पाठवला आणि बाबा, आता काळजी मिटली, असं म्हणत पाठीवर हात ठेवला. छान केलंस, थांबाजी म्हणाला. दुसरं काय म्हणणार? पोराने जिवापाड काळजीने केलं होतं.

मुलगा गेल्यावर संध्याकाळी त्याने दाढी केली आणि दारात उभा राहिला. हाक कशासाठी मारायची, तेच सुचेना. भिंतीपलीकडे मशीन चालू होतं. पुढचे काही दिवस असेच गेले. शर्टाचं बटण तोडून न्यावं, असं एकदा वाटलं, पण निमित्तांचा त्याला आता वीट आला होता. एका दुपारी तो तसाच रिकाम्या हाताने गेला.

ताई मशीनवर बसल्या होत्या. नवी शेगडी बिघडली की काय, असं त्यांनी वर न बघताच विचारलं. नाही, चांगली चालते, तो म्हणाला.

"बरं झालं. माझा जीव नुसता टांगणीला असायचा."

"ताई, मी तुम्हाला वासासाठी नव्हतो बोलावत."

मशीन थांबलं. ताईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नव्हत्या.

"एवढं कळतं मला. पण मी वासासाठीच यायचे, भाऊ. भिंत एकच आहे आपली. बघून आल्याशिवाय मला झोप लागायची नाही."

यात राग धरण्यासारखं काही नव्हतं. बाईने खरं ते सांगितलं. बरं, येतो, असं काहीतरी पुटपुटत तो वळला.

"शिवताना मला बोलता येत नाही," मागून ताई म्हणाल्या. "गप्प बसणार असाल तर बसा."

एकच खुर्ची होती, तिच्यावर शिवायच्या कपड्यांचा ढीग होता. थांबाजीने तो उचलून मांडीवर घेतला आणि बसला. मशीन पुन्हा सुरू झालं. ताईंनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही आणि तोही अवाक्षर बोलला नाही. खिडकीतलं ऊन सरकून भिंतीवर गेलं तरी त्याला जा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.