भरताचा धूर आणि आबांचा फोटो

समस्त जनतेस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, जळगावहून जामनेरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत समुद्रकिनारा सुरू झालेला आहे. समुद्र तेवढा यायचा बाकी आहे.

बाकी सगळं आलं होतं. गवताने शाकारलेला व्हिला, निळा तरणतलाव, जाळीचे झोपाळे आणि कुठून तरी आणून टेकू लावून उभी केलेली नारळाची झाडं. कुंपणापलीकडे केळीच्या बागा फुकट डोलत होत्या, पण पाहुण्यांना फोटो हवा तो टेकूवाल्या नारळाजवळच.

इतकी वर्षं लग्नाचे फोटो काढतोय, पण स्टेज नसलेलं लग्न मी पहिल्यांदाच पाहत होतो. सगळं निवांत, हवं तिथे बसा, हवं तेव्हा खा. त्यामुळे आमच्या खान्देशी मंडळींना फोटोला उभं कुठे राहायचं तेच कळेना. मी कॅमेरा वर केला की असतील तिथे ओळ लागायची. पाण्यात पाय सोडून बसलेल्या दोन मावश्यासुद्धा उठल्या आणि ओल्या पायांनी सावधान उभ्या राहिल्या.

नवरीने सकाळीच मला बाजूला घेतलं होतं. "काका, बाकीचे कसेही काढा. मला आबांचा एक हसरा फोटो हवाय. घरातल्या एकाही अल्बममध्ये ते हसलेले नाहीत. परवा मी कॅनडाला चालले. तिथे भिंतीवर काय आधार कार्डावरचा चेहरा लावू?"

आबा म्हणजे तिचे वडील. जामनेरला बी-बियाण्यांचं दुकान. मी त्यांच्या मागेच लागलो. तीन विनोद सांगितले. तिन्हींवर त्यांनी मान हलवून "बरोबर आहे" म्हटलं. शेवटी सरळ विचारलं, "आबा, तुम्ही हसत का नाही हो?"

"भाऊ, दुकानावर बसणारा माणूस हसला, की गिऱ्हाईक भाव करतं."

"पण इथे कुठे दुकान?"

"तोंडाला काय माहीत?"

दुपारी आबा गायब! शोधत गेलो तर व्हिलामागून धूर येत होता. नव्याकोऱ्या कुर्त्याच्या बाह्या सारून आबा कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत बसले होते. इथला आचारी भरताची वांगी गॅसवर भाजणार, अशी कुणकुण लागल्याने त्यांनी काड्यांचा भारा जामनेरहून गाडीच्या डिकीत घालून आणला होता. आग लागली असं वाटून व्हिलाचा मॅनेजर आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन धावत आला. आबांनी त्यालाच भरीत ठेचायला बसवलं. मी पाण्याच्या टाकीमागे दबा धरला.

तेवढ्यात धुराच्या वासावर नवऱ्याचे वडील आले. पुण्याचे, हळू बोलणारे, फार सभ्य. आबांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर भरताचा गोळा ठेवला. "घ्या व्याही. तुमच्यासाठी मुद्दाम फिकं ठेवलंय."

फिकं! मिरच्या पडताना मी स्वतः पाहिल्या होत्या.

व्याह्यांनी घास घेतला. आधी कान लाल झाले, मग कपाळ.

"तिखट लागतंय का?" आबांनी निरागसपणे विचारलं.

"छे, छे. किंचित गोडसरच," व्याही म्हणाले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मग ते शांतपणे मॅनेजरकडे वळले. "अहो, ते तुमचं लाल नळकांडं चालू स्थितीत आहे ना?"

आबांचे आधी खांदे हलले. मग पोट. मग ते काड्यांच्या भाऱ्यावर हात टेकून, डोळे मिटून, असे काही हसले की मॅनेजरही ठेचायचं विसरला. मी बटण दाबत सुटलो.

तसाच पळत नवरीकडे गेलो आणि कॅमेरा तिच्यापुढे धरला. तिने पडद्यावर आबांच्या गालाजवळ बोट नेलं आणि तिथेच ठेवलं. तिच्या खांद्यावरून आई डोकावली. आईचं माहेर नरडाण्याचं, बोली अहिराणी, पण सकाळपासून पुण्याच्या पाहुण्यांशी अगदी पुस्तकी मराठी बोलत होती. तिने फोटो पाहिला आणि सगळ्यांच्या देखत ओरडली,

"माय वं! यास्ले हासता बी येस!"